कपाट आलं आणि घर कललं

ओर्फेलिंडा मानुयामा लग्न होऊन बेलेनला, नदीवरच्या वस्तीत, आली तेव्हा तिचं सामान म्हणजे निजायचा एक सुतळी झुला, दोन पातेली आणि कपड्यांचं गाठोडं. सेगुंदोनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ते सगळं एका खेपेत होडीत ठेवलं.

"बस, एवढंच?"

"आणि मी," ती म्हणाली.

तो हसला. पण होडी बेलेनच्या खालच्या वस्तीत शिरली आणि घर समोर आलं, तसा तो उगाचच वल्ह्याला चिकटलेलं शेवाळ काढत बसला.

घर तरंगतं होतं. त्यात नवल नव्हतं. इताया नदीच्या काठची निम्मी घरं टोपा नावाच्या हलक्या लाकडाच्या ओंडक्यांवरच असतात. नदी चढली की चढतात, उतरली की उतरतात. पण बाकीची घरं पाण्यावर बदकासारखी सरळ बसलेली, आणि हे एकटंच चुलीच्या अंगाला असं वाकलेलं, की शेजारच्या घरात काय चाललंय ते कान लावून ऐकतंय असं वाटावं.

दारात सासू उभी होती. दोन्या क्लोरिंडा, म्हणजे क्लोरिंडाबाई, बुटकी, गुटगुटीत, आणि सून येणार म्हणून ओठांना लाली लावलेली. "ये गं पोरी, ये. जपून हं. इकडे शिवणयंत्रं आहेत, तिकडे पंखे आहेत, तू अशी मधून ये."

मधून म्हणजे आडवं होऊन. शिवणयंत्रं दोन होती, त्यातलं एक चालायचं. पंख्यांपैकी तर एकही फिरत नव्हता. एकावर एक रचलेल्या खुर्च्या छपराला टेकल्या होत्या. काचेच्या कपाटात सोनेरी काठाच्या बशा होत्या. त्यांत कुणी जेवलेलं सेगुंदोला आठवत नव्हतं. गेलेल्या सासऱ्याचे रबरी बूट, झाकण नसलेला पियानो-बाजा, प्लास्टिकची फुलं, जुनी कॅलेंडरं, आणि या सगळ्यात दोन पलंग. ओर्फेलिंडानं गाठोडं कुठं ठेवावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी ते मांडीवरच घेऊन बसली.

पहिल्याच संध्याकाळी मासा चिरताना तिच्या हातातून लिंबू सुटलं. ते पलंगाखालून गेलं, खुर्च्यांच्या पायांतून गेलं आणि कुणी हाक मारल्यासारखं चुलीच्या कोपऱ्यात जाऊन थांबलं. तिथं फळ्यांच्या फटींतून पाणी वर आलेलं होतं.

"तो कोपरा फार गुणी आहे," सासू म्हणाली. "या घरात काही हरवलं की तिथंच सापडतं."

"सासूबाई, घर बुडतंय."

"बुडत नाही गं, बसलंय जरा. ओंडके जुने झालेत. सेगुंदो घालेल नवे."

सेगुंदोनं घातले. तो होड्यांचा सुतार. ओंडके त्याला नवे नव्हते. दरवर्षी तो दोन-तीन नवे ओंडके त्या कोपऱ्याखाली सरकवायचा, घर हातभर वर यायचं आणि पुढच्या पाण्याला पुन्हा खाली बसायचं. कारण तेवढ्यात आणखी काहीतरी घरात आलेलं असायचं.

दोन्या क्लोरिंडा सामान विकत आणत नसे. तिनं जन्मभर वरच्या शहरातल्या घरांमधले कपडे धुतले होते. त्या घरांतल्या बायका काही नवं घेतलं की जुनं हिला द्यायच्या. पंखा बंद पडला, दे क्लोरिंडाला. खुर्चीचा वेत तुटला, क्लोरिंडा नेईल. आणि क्लोरिंडा ते डोक्यावर घेऊन चिखलातून, फळ्यांवरून, होडीतून घरी आणायची आणि पुसून ठेवायची. हे अमक्या बाईंनी दिलं, तेव्हा त्यांच्या मुलीचं लग्न होतं. हे तमक्या बाईंनी दिलं, त्या फार रडल्या होत्या. प्रत्येक वस्तू तिला कुणीतरी खास आठवणीनं दिलेली भेट होती. ती टाकायची म्हणजे त्या माणसालाच दाराबाहेर काढायचं.

हे ओर्फेलिंडाला कळायला वेळ लागला. तोवर ती चिडायची. मनातल्या मनात, कारण घर सासूचं होतं. मग तिला मुलगी झाली, मिरेया, आणि मिरेया रांगायच्या वयाची झाली. पोर दोन पावलं पुढं सरकायची, तिचं डोकं शिवणयंत्राच्या पायाला लागायचं; दुसरीकडे वळायची, तिथं खुर्च्या. रांगायला मोकळी अशी एकच वाट होती, ती उतारानं ओल्या कोपऱ्यात जाणारी. दिवसातून कितीतरी वेळा ओर्फेलिंडा पोरीला तिथून उचलून आणायची.

"लिंबासारखीच गडगडते," मिरेयाची धर्ममाता बेत्साबे म्हणायची. ती शेजारच्याच घरात राहायची, अंगानं चांगली दणकट होती आणि तिचं हसू पलीकडच्या काठावर ऐकू जायचं. धर्ममातेच्या नात्यानं ती ओर्फेलिंडाला कोमाद्रे म्हणायची. "कोमाद्रे, तुझी पोरगी चालायला शिकेल ना, तेव्हा एक पाय आखूड टाकून चालेल बघ. सपाट जमिनीवर पडेल!"

"हस तू. तुझ्या घरात निदान जमीन दिसते."

त्याच वर्षी ते कपाट आलं.

सासूच्या एका जुन्या मालकीणबाई लिमाला मुलाकडे राहायला निघाल्या होत्या. घर रिकामं करताना त्यांनी क्लोरिंडाला निरोप पाठवला, की माझं महोगनीचं कपाट तू ने, दुसऱ्या कुणाला द्यायला माझं मन होत नाही. निरोप ऐकून दोन्या क्लोरिंडा पायरीवर बसली आणि पदर नव्हता म्हणून झग्याच्या बाहीनं डोळे पुसत राहिली.

"त्या कपाटाच्या आरशात बघून मी पहिल्यांदा केस विंचरले होते," ती म्हणाली. "बाई बाहेर गेल्या होत्या तेव्हा. चोरून."

ओर्फेलिंडा उठून कपाटासाठी जागा करायला लागली.

कपाट आलं ते मिरवणुकीनं. दोन होड्या एकमेकींना बांधल्या होत्या, वर कपाट उभं, त्याला चार माणसं धरून, आणि आरशात सगळी वस्ती, आकाश, घारी आणि बेत्साबेची दोरीवर वाळत घातलेले परकर एकामागून एक सरकत होती. काठावरची माणसं टाळ्या वाजवत होती. दारातून ते आत जाईना, तेव्हा सेगुंदोनं भिंतीच्या फळ्या काढल्या. कपाट आत गेलं. आणि घरानं एक लांब, दमलेला आवाज काढला.

भिंतीवरची पातेली एका बाजूला लोंबली. एक पंखा चालत आल्यासारखा दारापर्यंत आला. मागच्या ओट्यावरच्या कोंबड्यांच्या खुराड्यात पाणी शिरलं आणि कोंबड्या छपरावर जाऊन बसल्या.

"सेगुंदो," बेत्साबे तिच्या दारातून ओरडली, "कपाट पाण्यात ठेव आणि घर त्याला बांध! तेच बरं तरंगेल!"

सेगुंदो घाम पुसत आईकडे बघत होता. आई आरशाकडे बघत होती. तिनं केसांवरून हळूच हात फिरवला. मग तो काढलेल्या फळ्या परत ठोकायला लागला.

त्यानंतर घर सांभाळणं हा एक वेगळाच उद्योग होऊन बसला. कपाटाच्या समोरच्या बाजूला बाकी सगळं सरकवलं, तेव्हा कुठं घर थोडं सावरलं. पाहुणा आला की "कसा आहेस" विचारायच्या आधी त्याचं वजन डोळ्यांनी जोखायचं आणि त्याला जागा दाखवायची. सडपातळ असला तर कपाटापाशी, जाड असला तर पलीकडे. बेत्साबे आली की सेगुंदो न बोलता उठून विरुद्ध कोपऱ्यात जायचा, आणि ती निघाली की परत आपल्या जागी.

"माझ्यावर रागावलाय का हा?" तिनं एकदा विचारलं.

"नाही गं," ओर्फेलिंडा म्हणाली, "तराजू झालाय त्याचा."

हे असं सान हुआनच्या सणापर्यंत चाललं.

जूनच्या त्या सणाला घरोघरी हुआने होतात. भात आणि कोंबडी पानात बांधून उकडलेली पुरचुंडी. दोन्या क्लोरिंडाच्या हातचे हुआने सगळ्या वस्तीत नावाजलेले, त्यामुळे सकाळपासून होड्या दाराला लागत होत्या. ओर्फेलिंडा दारात उभी राहून माणसं वाटून बसवत होती, तू इकडे, तू तिकडे. दुपारी चिचाच्या, म्हणजे मक्याच्या दारूच्या, मडक्यानं सगळ्यांना रंग चढला. तेवढ्यात बाहेरून वाजंत्र्यांची होडी चालली. ती कपाटाच्या बाजूनं चालली होती.

ओर्फेलिंडा ओरडली, "सगळे जण उठू नका!"

सगळे जण उठले. ज्यांना खिडकी मिळाली नाही ते आरशात होडी बघायला कपाटाशी गेले. बेत्साबेही गेली.

घर कललं ते इतकं सावकाश, की प्रत्येकाला आपण जरा जास्त प्यायलोय असंच वाटलं. मग पाणी घोट्याला लागलं. खुर्च्यांची चळत आली, पलंग आले, बाजा सूर काढत आला. ओर्फेलिंडानं मिरेयाला उचलून बेत्साबेच्या घरातल्या कुणाच्या तरी हातात दिलं आणि ओरडून माणसांना एकेक करून होड्यांत उतरवलं. बुडालं कुणी नाही, लागलंही नाही. कमरेएवढ्या पाण्यात माणसं हसून हसून वाकली होती. हुआनेचं मोठं पातेलं मात्र खिडकीतून निघालं आणि ऐटीत वाजंत्र्यांच्या मागोमाग गेलं. वाजंत्र्यांनी ते पकडलं आणि, सांगायला वाईट वाटतं, रिकामं करून परत केलं.

हसत नव्हती ती एकटी दोन्या क्लोरिंडा. ती छातीएवढ्या पाण्यात एका हातानं कपाट धरून उभी होती, जसं काही तिनं सोडलं तर ते वाहून जाईल.

संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीनं मिळून सामान बाहेर काढलं. काही छपरावर वाळत ठेवलं, काही शेजाऱ्यांच्या ओट्यांवर, कपाट दोन होड्यांवर. एकेक वस्तू बाहेर पडत गेली तसं घर वर येत गेलं. शेवटी दिसली ती ओली, स्वच्छ जमीन, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मिरेया तिच्यावर रांगत सुटली. तिला कुणी अडवलं नाही आणि ती कुठं गडगडलीही नाही. भिंतीला हात लावून परत फिरली, समोरच्या भिंतीला हात लावला, परत फिरली.

सासू उंबऱ्यात बसून बघत होती. ती म्हणाली, "ही जमीन माझ्या नवऱ्यानं घातली. मी विसरूनच गेले होते, फळ्या इतक्या रुंद आहेत ते."

ओर्फेलिंडाच्या मनात होतं, आता हे सगळं सामान असंच बाहेर राहू दे. पण सासूचा चेहरा बघून तिला ते म्हणवेना. ती शेजारी जाऊन बसली.

"सासूबाई, हे पंखे कुणी दिले?"

सासूनं सांगितलं. बाजा कुणी दिला, तेही सांगितलं. खुर्च्यांची गोष्ट तर फार लांबली. त्यात एक लग्न मोडलं होतं. ओर्फेलिंडानं सगळं ऐकून घेतलं.

मग ती म्हणाली, "तुम्हाला सगळ्यांनी दिलं. तुम्ही कुणाला दिलं का हो कधी काही?"

"मी?" सासू चमकलीच. "मी काय देणार? माझ्याकडे काय आहे?"

ओर्फेलिंडानं नुसती मान वळवली. छपरावर खुर्च्या होत्या. बेत्साबेच्या ओट्यावर बशा होत्या. होड्यांत, फळ्यांवर, दोरीवर, जिथं बघावं तिथं क्लोरिंडाचं सामान होतं.

"अगं बाई," दोन्या क्लोरिंडा म्हणाली. आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी तिनं ओठांना लाली लावली, होडीत बसली आणि द्यायला निघाली. देणंही साधं नाही. खुर्च्या खांबांवरच्या घरातल्या मास्तरीणबाईंना, कारण त्यांच्याकडे पोरं जमिनीवर बसून शिकतात. चालणारं शिवणयंत्र बेत्साबेच्या बहिणीला. बाजा वाजंत्र्यांना. ("पातेलं रिकामं केलंत, आता निदान वाजवा तरी.") पंखे एका माणसानं तांब्याच्या तारेसाठी मागितले, तेव्हा तिनं त्याला ते कुठल्या घरातून आले याची गोष्ट उभ्यानं ऐकवली आणि मगच हातात दिले. देताना ती अगदी त्या वरच्या शहरातल्या बायकांसारखी मान तिरकी करून म्हणायची, "घे हो, दुसऱ्या कुणाला द्यायला माझं मन होत नाही." शिवाय दर आठवड्याला होडी काढून ती आपल्या वस्तू तपासायला जायची. "खुर्ची उन्हात का ठेवलीस? वेत तडकेल!" लोक तिला बघून आधीच खुर्च्या सावलीत ओढायचे.

राहिलं कपाट. ते कुणाच्याच घरात मावेना. एके दिवशी तिनं सेगुंदोला बोलावलं.

"काप."

"आई?"

"काप म्हणते ना. कपाट म्हणजे त्या बाई नव्हेत. आरसा तेवढा सांभाळ."

सेगुंदो करवत हातात घेऊन नुसता उभा राहिला. असलं लाकूड त्याच्या हाताला आयुष्यात लागलं नव्हतं. शेवटी आईनंच आरसा छातीशी धरला आणि दुसऱ्या हातानं पहिला स्क्रू सैल केला.

मग पुढं महिनाभर ओर्फेलिंडा आणि तो घर मांडत होते. ती जमिनीवर खडूनं रेघा मारायची, तो कापायचा. कपाटाच्या दाराचं टेबल झालं. बिजागऱ्यांवर भिंतीला टांगलेलं, जेवायच्या वेळी खाली घ्यायचं, एरवी वर. बाजूच्या फळ्यांची भिंतीलगत लांब पेटी झाली, वर बसायचं, आत कपडे. वजन चारी भिंतींवर सारखं पडेल असं तिनं बसवलं होतं. एक पलंग राहिला, तो सासूचा. बाकीचे झुल्यात निजत आणि सकाळी झुले आकड्याला अडकवले की खोली मोकळी. उरलेल्या महोगनीच्या बदल्यात लाकूडवाल्यानं टोपाचे नवे ओंडके दिले. सोनेरी काठाच्या बशांपैकी घरातल्या माणसांपुरत्या ठेवल्या आणि त्यात रोज जेवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी दोन्या क्लोरिंडाला त्या बशीत तळलेला बोकीचिको मासा खाववेना. दुसऱ्या दिवशी तिनं बशी पुसून खाल्ली.

आरसा खिडकीसमोर लावला. त्यात नदी दिसायची, त्यामुळे पाहुण्यांना एका बाजूला धावायचं कारण उरलं नाही.

बेत्साबे आली, इकडून तिकडे चालली, मुद्दाम कोपऱ्यात जाऊन दोन उड्या मारल्या. "हललंसुद्धा नाही! कोमाद्रे, माझ्या घरी कधी येतेस? माझ्या नवऱ्यालाच आधी बाहेर काढू."

इथवर सगळं ओर्फेलिंडाच्या मनासारखं झालं. पण तीही माणूसच होती. एकदा बाजारात तिला एक निळी आरामखुर्ची दिसली. गुबगुबीत, हातांवर फुलांचं कापड. तिच्या माहेरी नदीच्या वरच्या अंगाला अशी खुर्ची कुणी बघितलीही नसेल. ती त्या खुर्चीत बसली, आणि दुकानदारानं दोनदा हटकेपर्यंत उठली नाही. घरी येऊन तिनं विषय काढला, तेव्हा सासूनं हातातलं विणकाम खाली ठेवलं.

"कुठं ठेवणार?"

"त्या खिडकीपाशी."

"आणि तिच्या बदल्यात जाणार काय?"

"एक खुर्ची तर आहे सासूबाई. तिनं काय होतंय?"

"एका पंख्यानं काय होतंय, असंच मी म्हणायचे," दोन्या क्लोरिंडा म्हणाली. "नाही. या घरात काही येणार असेल तर आधी काहीतरी जाईल."

सेगुंदो भिंतीकडे तोंड करून हसत होता. ओर्फेलिंडा फुगून बसली. इतकी फुगली, की त्या रात्री चापो, म्हणजे केळ्याची पेज, तिनं साखर न घालता सगळ्यांपुढं आदळला. काही दिवस दोघी एकमेकींशी फक्त मिरेयामार्फत बोलत होत्या. मिरेयाला तेव्हा धड बोलताही येत नव्हतं.

एका सकाळी ओर्फेलिंडा बाजारातून परतली तर सासूचा पलंग होडीत उभा. दोन्या क्लोरिंडा स्वतः दोर आवळत होती.

"हे काय?"

"बेत्साबेच्या आईचं कंबरडं धरलंय. तिला झुल्यात निजवत नाही. मला निजवतं."

"सासूबाई, तुमच्या पलंगाची जागा मला नकोय."

"तुला कोण देतंय? खुर्ची मला पण आवडली. काल जाऊन बसून आले मी." आणि जरा थांबून, "मऊ आहे गं. उठवेना."

निळी खुर्ची आली. ती ओर्फेलिंडाची असं सगळे म्हणत, पण तिच्यात बसलेली दिसायची ती सासू.

पुढं काही वर्षांनी नदीनं पात्र बदललं. वस्तीच्या तोंडाशी गाळ साचला, आणि उन्हाळ्यात तरंगती घरं चिखलात तिरकी बसायला लागली. तेव्हा सगळ्यांनी घरं खालच्या अंगाला, खोल पाण्यात न्यायचं ठरवलं. मोटारहोड्यांनी ओढायची, तर आधी घर रिकामं करायला हवं. सगळीकडे एकच गोंधळ. भांडी, गाद्या, पेट्या, म्हाताऱ्या, कोंबड्या, सगळं होड्यांत उतरत होतं. बेत्साबेचं घर रिकामं करता करता तिच्या नवऱ्यानं दोनदा जीव देण्याची धमकी दिली.

ओर्फेलिंडानं टेबल भिंतीला लावलं, झुले आकड्याला अडकवले, आरशाभोवती चादर बांधली आणि हात पुसले. झालं. सेगुंदोनं दोर सोडला, होडीची मोटार पटपटली आणि घर निघालं. सरळ, एक थेंबही आत न घेता. चुलीवर कॉफी तशीच होती. मिरेया ओट्यावर पाय पाण्यात सोडून बसली होती आणि ओर्फेलिंडा तिच्या वेण्या घालत होती. खिडकीत दोन्या क्लोरिंडा निळ्या खुर्चीत टेकून बसली होती आणि काठावरच्या, गाद्या डोक्यावर घेतलेल्या माणसांना हात हलवत होती.

"बेत्साबे," ती ओरडली, "काही नकोसं झालं असेल तर सांग हं!"

"का, तुम्ही घेता की काय?"

"मी? छे!" दोन्या क्लोरिंडा म्हणाली. "पण कुणाला द्यायचं ते मी सांगते ना."